आईच्या घरावर काढलेले कर्ज

नेरूळमधले आमचे घर आईच्या नावावर आहे. 2021 साली धाकट्या भावाला रबाळे एमआयडीसीतल्या आपल्या वर्कशॉपसाठी एक मशीन घ्यायचे होते आणि त्यासाठी घर तारण ठेवून 20 लाखांचे कर्ज काढावे, असे घरात ठरत आले होते. सगळे शांतपणे ऐकून घेतल्यावर आईने एकच प्रश्न विचारला, "हप्ते थकले तर घर कुणाचं रे?" आम्हा दोघा भावांपैकी कुणालाही त्याचे नीट उत्तर देता आले नाही.

उत्तर शोधायला मला आठवडा लागला. सलग 90 दिवस हप्ता थकला की बँक ते खाते अनुत्पादक, म्हणजे वसुली थांबलेले, ठरवते. त्यानंतर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावताच, बँकेला तारण घराचा ताबा घेऊन ते विकता येते. त्याविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे 45 दिवसांत दाद मागता येते, परंतु तोवर घरातल्यांची झोप उडालेली असते. हे सारे मी आईला जसेच्या तसे सांगितले. मालमत्ता तिची असल्यामुळे तिची सही लागणारच होती, आणि ज्याच्या छपरावर कर्ज काढायचे त्याला वाईटात वाईट काय होऊ शकते हे आधी कळलेच पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. कित्येक घरांत म्हाताऱ्या आईवडिलांच्या सह्या "फक्त इथे आणि इथे" असे म्हणून घेतल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

नवी मुंबईत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. इथली बहुतेक जमीन सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असल्यामुळे घर तारण ठेवताना सोसायटीच्या पत्राबरोबर सिडकोचा ना हरकत दाखलाही लागतो, आणि मशीन विकणाऱ्याला तारीख देण्याआधी त्यासाठी लागणारा वेळ धरावा लागतो. शिवाय घराचा बाजारभाव आपण कितीही सांगितला, तरी बँक स्वतःच्या मूल्यांकनाच्या साधारण निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंतच रक्कम देते. ही मर्यादा आपल्याच भल्याची आहे.

एवढे असूनही आम्ही कर्ज घेतले, आणि तो निर्णय योग्य होता असे मी आजही म्हणेन. तारण नसलेल्या कर्जापेक्षा व्याजाचा दर बराच कमी होता, 15 वर्षांच्या मुदतीमुळे 19,695 रुपयांचा हप्ता वर्कशॉपच्या मिळकतीतून भरण्याजोगा होता, आणि व्यवसायासाठी वापरलेल्या रकमेचे व्याज व्यवसायाचा खर्च म्हणून हिशेबात धरता येते. महत्त्वाचे म्हणजे ते मशीन पहिल्या महिन्यापासून कमावू लागले. आईच्या आग्रहाने 6 हप्त्यांची रक्कम, म्हणजे सुमारे 1 लाख 18 हजार रुपये, आम्ही वेगळ्या खात्यात ठेवली आणि तिला कधीही हात लावला नाही.

धक्का वेगळ्याच दिशेने आला. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, 4 टक्क्यांवरून 6.5 टक्क्यांवर नेला आणि त्याबरोबर आमच्या कर्जाचा बदलता दरही साडेआठवरून 11 टक्के झाला. हप्ता मात्र तेवढाच राहिला, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. पुढे विवरणपत्र नीट पाहिले तेव्हा समजले की बँकेने मुदत 6 वर्षांहून अधिक वाढवली होती. अशा वेळी हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याची संधी कर्जदाराला द्यावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये काढला. त्यानंतर आम्ही हप्ता वाढवून घेतला.

गेल्या वर्षी माझ्या मुलीचे लग्न ठरले आणि त्याच घरावर आणखी 10 लाख देण्याची तयारी बँकेने दाखवली. त्या रात्री मी आणि पत्नीने वहीत आकडे मांडले. 10 टक्के दराने 15 वर्षांसाठी घेतल्यास हप्ता 10,746 रुपये आणि एकूण व्याज 9 लाख 34 हजार. तीच रक्कम वैयक्तिक कर्ज म्हणून 14 टक्क्यांनी 5 वर्षांसाठी घेतल्यास हप्ता 23,268 रुपये, पण व्याज 3 लाख 96 हजार. दर कमी असलेले कर्ज केवळ लांबल्यामुळे दुपटीहून महाग पडत होते. मशीन 15 वर्षे काम देऊ शकते, म्हणून त्याचे हप्ते 15 वर्षे भरण्यात अर्थ आहे; दोन दिवसांच्या समारंभाचे हप्ते मुलीची मुले शाळेत जाऊ लागेपर्यंत, तेही आईच्या घराच्या जोरावर, भरणे मला पटेना.

मुलीला आम्ही वही दाखवली. तिने स्वतःच पाहुण्यांची यादी कमी केली, आणि लग्न आमच्या शिलकीत झाले. आता त्या न घेतलेल्या कर्जाच्या हप्त्याएवढे पैसे मी दरमहा बाजूला टाकतो, जेणेकरून भावाचे कर्ज मुदतीआधी फेडता येईल. पूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे बँकेला बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते, हेही मी आईला सांगून ठेवले आहे. ती तारीख नक्की कोणती, हे ती दर महिन्याला विचारते.