सोसायटीत पाण्याचे मीटर बसवताना

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत, म्हणजे नमुना नियमावलीत, पाण्याचा खर्च नळांची संख्या आणि आकार पाहून वाटायची तरतूद आहे. घरात माणसं किती, वापर किती, हे त्यात कुठेच येत नाही. त्यामुळे पुण्यात उंड्रीतल्या आमच्या सोसायटीत बी विंगमधले दोघंच राहणारे काका-काकू आणि त्यांच्या वरचं सात जणांचं कुटुंब, दोघांनाही पाण्याचे पैसे सारखेच. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की काका सभेत उभे राहणार आणि खजिनदार म्हणून मी खाली बघणार, हे ठरलेलं.

माझा मावसभाऊ लास वेगासला असतो. तिथे वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस, पाणी येतं कोलोरॅडो नदीवरच्या लेक मीडमधून. दर चढते: पहिला टप्पा स्वस्त, पुढचा महाग. अंगणातली हिरवळ काढून टाकलीत तर वर पैसे मिळतात. घरात वापरलेलं पाणी शुद्ध होऊन परत तलावात जातं, बागेला घातलेलं मात्र उडून जातं, म्हणून सगळा कटाक्ष बागेवर. आणि इथे खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर अशी चार धरणं उशाला असूनही आम्ही गेटवर 10 हजार लिटरचे टँकर मोजतोय! तेव्हा म्हटलं, चढते दर आपणही लावून बघू.

पण दर लावायचे तर आधी मोजायला हवं, आणि विजेसारखा फ्लॅटमागे एक मीटर इथे चालत नाही. गच्चीवरच्या टाकीतून निघालेली लाइन प्रत्येक डक्टमधून वेगळी खाली उतरते. किचनची एक, दोन बाथरूमच्या दोन, ड्राय बाल्कनीची एक. म्हणजे एका फ्लॅटला चार मीटर. साधे चाकाचे मीटर स्वस्त पडतात, पण टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की पाइपातल्या हवेनेही ते फिरतात. शिवाय वरच्या दोन मजल्यांवर प्रेशर आधीच कमी, त्यात आणखी घट. म्हणून ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारे अल्ट्रासोनिक मीटर घेतले. बॅटरीवर चालतात, आत फिरणारं काही नाही.

खरी लढाई दरांवर झाली. माणशी रोज 135 लिटर हे सरकारी माप धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला साधारण 16 हजार लिटर. तेवढा पहिला टप्पा सगळ्यांना. पाचव्या माणसापासून नाव नोंदवलं तर वाढीव कोटा. "मग पाहुण्यांचं काय?" या प्रश्नावर जितका वेळ गेला, तितक्यात एखादा टँकर रिकामा झाला असता. शेवटचा टप्पा टँकरच्या खऱ्या भावापेक्षा वर ठेवायचा, यावर मी अडून बसले. दर बोचलाच नाही तर तो लावायचा कशाला? पहिले दोन महिने मात्र नुसता आकडा कळवायचा, पैसे घ्यायचे नाहीत, ही सूचना काकांची, आणि ती फार शहाणपणाची ठरली.

कारण त्या दोन महिन्यांत भलतंच बाहेर आलं. पहाटे तीनलाही काही मीटर हळूहळू पुढे सरकत होते. गळती शोधायची तर फ्लशच्या टाकीत थोडा खायचा रंग टाकून ठेवा. कुणी फ्लश न करताही भांड्यात रंग उतरला तर व्हॉल्व्ह गळतोय. अशा बऱ्याच टाक्या निघाल्या, त्यात एक कुलूपबंद फ्लॅटही. त्याहून मोठी गोम अशी की सगळ्या फ्लॅटची बेरीज टाकीत चढवलेल्या पाण्यापेक्षा बरीच कमी येत होती. एका विंगचा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा, अडकलेला, रात्री टाकी भरून वाहायची आणि ओव्हरफ्लोचा पाइप थेट गटारात. म्हणजे सर्वांत उधळी सभासद खुद्द सोसायटीच!

कुणी विचारलं तर मी आता हेच सांगते: घराघरांत शिरण्याआधी प्रत्येक टाकीच्या इनलेटला आणि आउटलेटला एकेक मीटर लावा. त्याला सभेत भांडावंही लागत नाही.

टँकर बंद झालेले नाहीत, कमी झालेत. काकांचं बिल उतरलं, वरच्यांचं चढलं, दोघं लिफ्टमध्ये अजून बोलतात. पुढच्या सभेचा विषय: मीटरच्या बॅटऱ्या बदलायचा खर्च सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या निधीतून) की मेंटेनन्समधून.