फाशीचं वॉरंट आणि हरवलेले दिवस

फाशीच्या बातमीत दोर, जल्लाद आणि पहाटेची वेळ एवढंच येतं. कारागृहाचं काम त्याच्या कितीतरी आधी सुरू होतं, आणि मोठ्या चुका होतात त्या तिथेच, कागद पुढे सरकवताना.

सत्र न्यायालयाने फाशी सुनावली तरी उच्च न्यायालय ती कायम करेपर्यंत तिची अंमलबजावणी होत नाही. सुनील बत्रा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपील किंवा दयेचा अर्ज बाकी असेपर्यंत तुरुंग कायद्याच्या कलम ३० चा आधार घेऊन कैद्याला एकांतात डांबता येणार नाही.

अपील फेटाळलं की अधीक्षकांनी ते कैद्याला कळवायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ४७२ नुसार त्या दिवसापासून दयेच्या अर्जाला ३० दिवस मिळतात. राज्यपालांनी नाकारला तर राष्ट्रपतींकडे जायला ६० दिवस. म्हणून कळवल्याची नोंद तारखेसह, कैद्याला समजणाऱ्या भाषेत आणि त्याच्या सहीनिशी हवी. इथे आळस झाला तर पुढचे सगळे दिवस चुकीचे मोजले जातात.

अर्ज फेटाळला गेला तरी अधीक्षक स्वतः तारीख ठरवत नाहीत. वॉरंट, म्हणजे फाशीची तारीख देणारा आदेश, सत्र न्यायालय काढतं. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या शबनम प्रकरणात अपील फेटाळल्यावर सहाच दिवसांत, पुनर्विलोकनाची (त्याच न्यायालयाकडे निकालाच्या फेरविचाराच्या अर्जाची) वाटही न पाहता वॉरंट निघालं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. वॉरंट काढताना कैद्याला आधी नोटीस हवी, वकील हवा.

दयेचा अर्ज फेटाळल्याचं कळवणं आणि फाशी यांत किमान १४ दिवस हवेत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या शत्रुघ्न चौहान निकालाने २०१४ मध्ये ठरवलं. हे दिवस कोर्टात जाण्यासाठी असतात, घरच्यांच्या शेवटच्या मुलाखतीसाठीही असतात. ते का लागतात हे वर्षभर आधीच दिसलं होतं: ९ फेब्रुवारी २०१३ ला तिहारमध्ये अफझल गुरूला फाशी झाली आणि घरच्यांना पाठवलेलं पत्र ११ तारखेला पोहोचलं. माणसाला निरोप घेऊ न देणं हा शिक्षेचा भाग नाही.

घाई जितकी वाईट, तितकीच ढिलाईही. पुण्यातल्या २००७ च्या बलात्कार व खून प्रकरणात दोघांचे दयेचे अर्ज राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये फेटाळले. त्यानंतर येरवड्याहून सत्र न्यायालयाला पत्रं गेली, तरी वॉरंट निघालं एप्रिल २०१९ मध्ये, २४ जून २०१९ च्या फाशीसाठी. मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत फाशी रद्द करून ३५ वर्षांची कैद दिली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये ते कायम ठेवलं. दयेच्या अर्जांसाठी गृह विभागात स्वतंत्र कक्ष असावा आणि वॉरंट कैद्याच्या हाती पडल्यापासून फाशीपर्यंत पूर्ण १५ दिवस असावेत, असंही सांगितलं. मृत मुलीच्या घरच्यांनी इतकी वर्षं वाट पाहिली आणि शिक्षा बदलली ती टेबलांवर पडून राहिलेल्या फायलींमुळे. मला हे फार सलतं.

फाशीआधी कैद्याच्या शारीरिक आणि मानसिक स्थितीचा वैद्यकीय दाखला अधीक्षकांनी पाहायचा असतो. मन ठिकाणावर नसेल तर फाशी थांबवून ते वर कळवावं लागतं. फाशीनंतर शवविच्छेदनही सक्तीचं आहे, कारण मृत्यू नेमका कसा आला हे तपासायला दुसरी वाट नाही. मग अंमलबजावणीचा शेरा मारून वॉरंट ज्या न्यायालयातून आलं तिथे परत जातं.