तुम्ही विचारलंत म्हणून: सायनस, ओसरी आणि हार्टफेल

"ताई, हे सगळं मराठीत का लिहून देत नाहीत?"

मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात ईसीजी काढण्यात माझी 26 वर्षं गेली. त्यातला एकही आठवडा या प्रश्नावाचून गेला नसेल. आता निवृत्त होऊन डोंबिवलीला राहते, तरी सुटका नाही. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, लग्नाच्या पंगतीत कुणीतरी मोबाइल पुढे करतंच. त्यावर रिपोर्टचा फोटो, आणि पाठोपाठ हा प्रश्न. इतकी वर्षं मी "डॉक्टरांना विचारा" म्हणून वेळ मारून नेली. आज बसून नीट सांगते.

सुरुवात सायनसपासून करू. कार्डिओग्राम चांगला आला की यंत्र वर छापतं, नॉर्मल सायनस ऱ्हिदम. हृदयाच्या उजव्या बाजूच्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, सायनस नोड. ठोका पडायचा इशारा तिथून सुटतो, आणि तिथूनच सुटायला हवा. म्हणजे कागदावर ही ओळ आली की ठोक्याची लय ठीक आहे, या ओळीला घाबरायचं कारण नाही. सायनस हा लॅटिन शब्द, अर्थ खोलगट जागा. नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत तशा पोकळ्या आहेत, म्हणून त्यांनाही सायनस. पण ज्याने मुंबईचे चार पावसाळे काढलेत त्याला या शब्दावर फक्त चोंदलेलं नाक आठवतं. एक निवृत्त बस कंडक्टर असा कागद घेऊन गेले ते थेट कान-नाक-घशाच्या रांगेत जाऊन बसले. दीड तास. मी जेवायला निघाले तेव्हा दिसले. म्हणाले, "हार्ट ठीक आहे हो, पण सायनस निघालाय."

आता मराठीत लिहिलं असतं तर? शब्द नाहीत असं नाही, उलट जास्तच आहेत. हृदयाच्या वरच्या कप्प्यांना जुन्या पुस्तकांत कर्णिका म्हणत आणि खालच्यांना जवनिका. माझ्या भाचीने शाळेत शिकले ते अलिंद आणि निलय. शुद्ध रक्त नेणारी ती रोहिणी की धमनी, परत आणणारी नीला की शीर, यावरही पुस्तकांचं एकमत नाही. (आणि शुद्ध-अशुद्धाचा हा नियम फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमनीला लागूच होत नाही. ती अशुद्ध रक्तच नेते. धमनी म्हणजे हृदयापासून दूर नेणारी, एवढंच लक्षात ठेवा.)

मला स्वतःला अलिंद फार आवडतो. संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढची ओसरी, आणि निलय म्हणजे घर. रक्त आधी ओसरीवर टेकतं, मग दार उघडलं की आत जातं, आणि दार म्हणजे झडप. हे मी मालवणकडच्या एका आजींना त्यांच्या छातीवर जेल लावता लावता सांगितलं. त्या पडल्या पडल्या म्हणाल्या, "आणि मागीलदार?" मी म्हटलं, तेही आहे आजी, तिथून महाधमनी निघते. इतकं चांगलं शरीरशास्त्र मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही. पण याच आजींच्या हातात "वाम अलिंद विस्फारित" असं छापलेला कागद दिला असता, तर त्यांनी तो शेजारच्या मास्तरांकडे नेला असता, आणि मास्तर म्हणाले असते, डॉक्टरांना विचारा.

इंग्रजी शब्दही काही आकाशातून पडलेले नाहीत. कुणीतरी कशाला तरी काहीतरी म्हटलं आणि ते चिकटलं. इन्फार्क्ट, म्हणजे रक्त न मिळाल्याने मेलेला भाग, हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ आहे ठासून भरणं, आपण वांग्यात मसाला भरतो तसं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेला ते नाव वेसालियस या शरीरशास्त्रज्ञाने 16व्या शतकात बिशपच्या टोपीवरून सुचवलं. आमच्या वसईच्या सिस्टरला हे सांगितल्यावर तिने लगेच दोन्ही तळवे डोक्यावर जुळवून टोपी करून दाखवली. ती झडप खरोखर तशीच दिसते. आर्टरीची गोष्ट तर याहून गमतीची. मेलेल्या माणसाच्या धमन्या रिकाम्या सापडत, म्हणून ग्रीक वैद्यांना वाटलं, यांतून वारा वाहतो. नावातच तो वारा बसला. पुढे गेलन या ग्रीक वैद्याने त्यांत रक्त असतं हे दाखवून दिलं, 1628 साली हार्वे या इंग्रज डॉक्टरने रक्त हृदयातून निघून फिरून हृदयातच येतं हे मांडलं, पण नाव काही बदललं नाही. चुकीचा शब्द आहे, पण सगळ्या डॉक्टरांनी एकच चूक धरून ठेवलीय, त्यामुळे काम चालतं.

आपल्या बोलण्यात तसं नाही. "नस" घ्या. हृदयाच्या नसा ब्लॉक, पायाच्या नसा फुगल्या, मानेची नस दबली. यांत पहिली धमनी, दुसरी शीर, आणि तिसरी तर रक्तवाहिनीच नव्हे, ती मज्जातंतू. काळजाचं तेच. माझे वडील गिरणीत होते, आम्ही लालबागला राहायचो. 1968 साली जवळच केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी हृदय बदलायची शस्त्रक्रिया केली, देशातली पहिली. तो रुग्ण काही तासच जगला. आई ही हकिकत "काळीज बदललं" अशी सांगायची, आणि मी लहानपणी बुचकळ्यात पडायचे, कारण मटणवाल्याकडून आम्ही कलेजी आणायचो ते तर यकृत.

तरीसुद्धा खरा घोळ या शब्दांनी होत नाही. न कळलेला शब्द माणूस विचारतो तरी. इस्केमिया (रक्तपुरवठा कमी पडणं) म्हणजे काय, असं मला हजार जणांनी विचारलं असेल. जो शब्द आपल्याला कळलाय असं वाटतं, तो कुणी विचारत नाही.

उदाहरणार्थ पॉझिटिव्ह. ट्रेडमिलवर चालवून करतात ती टेस्ट पॉझिटिव्ह आली म्हणून एक बाई आम्हाला पेढे घेऊन आल्या होत्या. त्या टेस्टमध्ये पॉझिटिव्ह म्हणजे दोष असण्याची शक्यता. पेढे परत कसे करायचे, सांगा! अरेस्ट आणि अटॅकचंही तसंच, लोकांना दोन्ही एकच वाटतात. अटॅकमध्ये हृदयाच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो, माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, बोलतो. अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं, माणूस कोसळतो, आणि छाती दाबायला कुणी लगेच पुढे झालं नाही तर काही मिनिटांत संपतं.

मग टक्के. टू-डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर इएफ (एका ठोक्याला कप्प्यातलं किती टक्के रक्त बाहेर पडतं ते) 60 टक्के दिसलं की घरच्यांचे चेहरे उतरतात, चाळीस टक्के हृदय गेलं म्हणून. अहो, ते मार्क नाहीत. डाव्या खालच्या कप्प्यात साधारण 120 मिली रक्त मावतं, त्यातलं सत्तरेक मिली एका ठोक्याला बाहेर पडतं. शंभर टक्के कुणाचंच पडत नाही. साठ म्हणजे उत्तम. उलट 35 आलेला एक तरुण मला म्हणाला, "काठावर पास ना, ताई?" त्याला काय सांगावं ते मला त्या क्षणी सुचलं नाही.

आणि शेवटी हार्टफेल. बेडवर ईसीजी काढायला यंत्र ढकलत मी एकदा रात्री वॉर्डात गेले होते. शिकाऊ डॉक्टर व्हरांड्यात एका मुलाला सांगत होता, तुमच्या वडिलांना हार्ट फेल्युअर आहे. डॉक्टर चुकला नव्हता. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ हृदयाचा जोर कमी पडतोय, म्हणून छातीत पाणी साठतं, पाय सुजतात, आडवं झालं की धाप लागते. औषधं आहेत, माणूस वर्षानुवर्षं काढतो. पण आपल्याकडे "हार्टफेल झालं" म्हणजे माणूस गेला, याला दुसरा अर्थच नाही. मुलाने पुढचं ऐकलं नाही. जिन्यात जाऊन त्याने गावी फोन केला. मी आत गेले तेव्हा वडील तीन उशांना टेकून चहात पाव बुडवत होते.

सकाळी संगमेश्वरहून माणसं आली. फोन ठेवल्या ठेवल्या त्यांच्या बायकोने बांगड्या फोडल्या होत्या. मनगटाला काच लागून खरचटलेलं होतं. नवऱ्याने तिला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "हात मोकळे का गं?" वॉर्डात कुणी बोलेना. आमच्या आयाबाई खाली गेल्या आणि फाटकाबाहेरच्या टपरीवरून डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आल्या. पुढे चार वर्षं ते गृहस्थ माझ्याकडे ईसीजीला येत होते.

तेव्हापासून मी रिपोर्टला पेन लावला नाही, तो माझा अधिकार नव्हता. पण वायरी काढताना, जेल पुसायला कापूस हातात देताना, समोरच्याला एक विचारायची सवय लावून घेतली: "डॉक्टर काय म्हणाले? तुमच्या शब्दांत सांगा." त्यांच्या शब्दांत ऐकलं की घोळ कुठे आहे ते कळतं. मग त्यांना परत डॉक्टरकडे पाठवायचं, नेमका काय प्रश्न विचारायचा ते शिकवून. रांग वाढायची, आमचे इनचार्ज वैतागायचे.

काल रात्री सव्वाअकराला व्हॉट्सॲपवर तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांचा फोटो आला. हेल्थ चेकअपचा ईसीजी, एका शब्दाभोवती लाल गोल केलेला. खाली लिहिलं होतं, "वाफ घेऊ का?"

मी लिहिलं, "नाक ठीक आहे काका. हृदयही. झोपा."