मेतकुटाचं पाकीट आणि हिंगातला गहू

२०२३ च्या दिवाळीआधी मी मेतकुटाच्या २०० ग्रॅमच्या पाकिटांसाठी एक हजार स्टिकर छापून घेतले. हळदी रंगावर लाल अक्षरात 'शुद्ध, पारंपरिक मेतकूट', खाली घटक, वजन, किंमत. सगळं मराठीत. एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी आधीच झाली होती. उलाढाल तेव्हाच्या १२ लाखांच्या मर्यादेच्या आत, त्यामुळे त्यांच्या फॉसकॉस पोर्टलवर अर्ज आणि वर्षाला १०० रुपये शुल्क, एवढ्यावर भागलं. अवघड भाग संपला असं धरून मी पुण्यात एका दुकानदारांकडे पाकिटं घेऊन गेले. त्यांनी पाकीट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "ताई, माल चांगला असेल, पण हे लेबल असताना मी फळीवर ठेवू शकत नाही. आधी नियम वाचून या."

वाईट वाटलं. पण घरी येऊन एफएसएसएआयचे २०२० चे लेबलिंगचे नियम उघडले.

पहिला धक्का भाषेचा. लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत हवी, त्याशिवाय दुसरी कुठलीही भाषा वापरायला मोकळीक आहे. म्हणजे मराठी चालते, पण जोडीला. नुसत्या मराठीवर भागत नाही. सांगलीत बनणारं, मुख्यतः मराठी घरांत खाल्लं जाणारं मेतकूट, आणि त्याचं लेबल मराठीत पुरेसं नाही, हे मला आजही पटत नाही. राज्यातल्या राज्यात विकल्या जाणाऱ्या मालाला राज्याची भाषा पुरेशी असायला हवी. पण नियम आहे तो आहे. मी इंग्रजी आणि मराठी दोन्ही घेतलं, मराठी अक्षरं मोठी ठेवली.

मग 'शुद्ध'. दाव्यांबद्दलचे नियम वेगळे आहेत, २०१८ चे. त्यात 'शुद्ध' हा शब्द एकाच घटकाच्या आणि वरून काहीही न घातलेल्या पदार्थालाच लावता येतो. मेतकुटात आमच्याकडे दहा जिन्नस. शब्द काढला. 'पारंपरिक' मात्र ठेवला, कारण त्याची अट कृती पिढ्यान् पिढ्या, फारसा बदल न होता चालत आलेली असावी अशी आहे, आणि ही कृती आजीची, आईने जशीच्या तशी उचललेली.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायची. मी आईच्या वहीतून क्रम उतरवला होता, पण वहीत मापं वाटीची. आईकडे उडदाची डाळ अर्धी वाटी आणि धणेही अर्धी वाटी. काट्यावर ठेवलं तर धणे उडदाच्या निम्मेसुद्धा भरेनात. दोन दिवस आम्ही दोघी जिन्नस भाजायच्या आधी एकेक वाटी रिकामी करून वजन लिहीत बसलो. चणाडाळ, तांदूळ, उडीद वर राहिले. धणे, जिरे, मोहरी, मेथ्या, सुंठ, हळद यांच्या जागा बदलल्या. सगळ्यात शेवटी हिंग.

या हिंगाने मला खरं शिकवलं. आमच्या मेतकुटात गहू नसतो. काही घरांत घालतात, आम्ही नाही. त्यामुळे ॲलर्जीच्या रकान्यात लिहायला काही नाही असं मी समजत होते. दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सुकामेवा, सोयाबीन, ग्लुटेन (गव्हासारख्या धान्यांतलं प्रथिन) असलेली धान्यं, ही यादी वाचली आणि प्रत्येकापुढे फुली मारली. संध्याकाळी फोडणी करताना सहज हिंगाची डबी फिरवली. बारीक अक्षरात घटक: गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. गव्हाचं पीठ पहिलं! इतकी वर्षं मी हिंग म्हणून वापरत होते त्यात निम्म्याच्या आसपास मैदा-कणीकही असू शकते, हे मला माहीतच नव्हतं. अशा मिश्र घटकाचं प्रमाण पाच टक्क्यांपेक्षा कमी असेल तर त्याचे आतले घटक यादीत फोडून लिहायची सक्ती नाही, पण ॲलर्जीची सूचना त्यातून सुटत नाही. चिमूटभर का होईना, गहू आहे म्हणजे लिहायचं. गव्हाचं ग्लुटेन न चालणाऱ्या मुलाची आई मऊ भातावर मेतकूट वाढताना हिंगाच्या डबीपर्यंत कशी पोचणार? तिच्या हातात फक्त माझं पाकीट असतं.

मी तांदळाच्या पिठातला हिंग शोधून काढला. तो मिळतो, थोडा महाग पडतो. तरी प्रश्न संपला नाही. मेतकूट दळायला मी गल्लीतल्या गिरणीत जाते, तिथे दिवसभर गहू दळला जातो. गिरणीवाल्या काकांना विचारलं, तर म्हणाले, "झाडून देतो की." ते मनापासून झाडतात, पण जात्याच्या खाचांत पीठ राहतंच. म्हणून 'गव्हाचा अंश असू शकतो' ही ओळ घातली.

बाकीचं भराभर उरकलं. पाकिटाचा दर्शनी भाग १५० चौरस सेंटिमीटरचा, त्यामुळे शाकाहाराची खूण असलेला हिरवा ठिपका ४ मिलिमीटरचा आणि भोवतीचा चौकोन ८ मिलिमीटरचा. आधी माझा ठिपका चौकोनाशिवायच होता. 'तीन महिन्यांत उत्तम' एवढं पुरत नाही, वापराची अंतिम तारीख द्यावी लागते. पोषणमूल्यांसाठी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला. वजन-किंमतीचे नियम वैधमापन विभागाचे: सर्व करांसहित कमाल किंमत, निव्वळ वजन, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल, शिवाय प्रति ग्रॅम दर. १२० रुपयांच्या पाकिटाला तो ०.६० रुपये. पॅकर म्हणून तिथेही नोंदणी करावी लागते, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांत. माझ्यासारख्या नव्याने उतरणाऱ्या बायकांना हे दुसरं खातं बहुधा माहीतच नसतं, तेव्हा आवर्जून विचारा.

नव्या स्टिकरांसह त्याच दुकानात गेले. दुकानदारांनी चष्मा लावून गव्हाची ओळ वाचली आणि वीस पाकिटं ठेवून घेतली. आता पल्व्हरायझरसाठी, म्हणजे घरच्या दळणयंत्रासाठी, पैसे साठवते आहे. घरचं दळण सुरू होईपर्यंत ती ओळ पाकिटावर राहील.