१६७८ जीबी, दोनदा

दुरुस्तीला आलेला संगणक: छायाचित्रांच्या साठ्यासाठी आणलेली ४ टीबीची कोरी हार्ड डिस्क, २००८ च्या सुमाराचा मदरबोर्ड, विंडोज ७ ची ६४-बिट आवृत्ती आणि कॅबिनेटला चिकटवलेली चिठ्ठी: ‘कॉम्प्युटर नवी डिस्क ओळखत नाही. ही दुसरी आहे. पहिली बंद निघाली म्हणून बदलून घेतली.’

लागोपाठ दोन कोऱ्या डिस्क बंद निघू शकतात, नाही असे नाही. पण तसे झाले की मी आधी डिस्कच्या बाहेर शोधतो.

‘ओळखत नाही’ या तक्रारीत निदान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. डिस्क फिरतच नाही. फिरते पण बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या बोर्डवरच्या प्रोग्रामला, दिसत नाही. बायोसला दिसते पण विंडोजला नाही. किंवा विंडोजला दिसते, फक्त तिच्यावर विभाग (पार्टिशन) नसल्यामुळे ड्राइव्हचे अक्षर मिळालेले नाही. शेवटची गोष्ट तर दोषही नव्हे, प्रत्येक कोरी डिस्क तशीच येते. म्हणून स्क्रीनकडे बघण्याआधी डिस्कवर बोट ठेवायचे. वीज मिळाल्यावर दोन-तीन सेकंदांत बारीक कंप जाणवायला हवा.

इथे काहीच जाणवले नाही. तीच पॉवर केबल जुन्या ५०० जीबीच्या डिस्कला लावली तर ती लगेच फिरू लागली. पहिली डिस्क बहुधा याच परीक्षेत नापास ठरली असणार, कारण केबल चांगली आणि जुनी डिस्क चालते म्हटल्यावर दोष नव्या डिस्कच्या माथी जातो. मी नवी डिस्क यूएसबी डॉकमध्ये (डिस्क बाहेरून जोडायच्या खोबणीत) ठेवली आणि तिथे ती व्यवस्थित फिरली. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदींत बदललेले सेक्टर शून्य, चालू राहिल्याचे तासही शून्य. डॉकमध्ये तिच्यावर काहीही लिहिले नाही. त्याचे कारण पुढे येईल.

डॉकमध्ये फिरते आणि कॅबिनेटमध्ये नाही, तर फरक विजेत आहे. डिस्क ज्या सॅटा पद्धतीने जोडतात तिच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना असतात. डेटा कनेक्टरच्या बाजूने मोजले तर पहिल्या तीन ३.३ व्होल्टच्या, ७ ते ९ या ५ व्होल्टच्या, १३ ते १५ या १२ व्होल्टच्या. साडेतीन इंची डिस्क ५ आणि १२ वर चालतात, ३.३ व्होल्टला त्या जवळजवळ विचारतच नाहीत. २०१६ मध्ये आलेल्या सॅटा ३.३ या आवृत्तीने ही रिकामी पडलेली तिसरी पिन वेगळ्या कामाला लावली. तिच्यावर व्होल्टेज आले की डिस्कने बंद राहायचे. सर्व्हरच्या खोलीत अडकलेली डिस्क हात न लावता बंद-चालू करता यावी म्हणून ही सोय झाली. (आवृत्तीचा क्रमांक ३.३ आणि व्होल्टही ३.३, हा निव्वळ योगायोग. त्याने बऱ्याच जणांचा गोंधळ होतो.) ही डिस्क सर्व्हरच्या वर्गातली होती. जुन्या एसएमपीएसच्या (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) सॅटा केबलमध्ये ३.३ व्होल्टची केशरी तार होती आणि मल्टिमीटरने तिसऱ्या पिनवर ३.३ व्होल्ट दाखवले. म्हणजे वीज मिळाल्या क्षणापासून डिस्कला ‘बंद राहा’ हाच हुकूम मिळत होता आणि ती तो पाळत होती.

उपाय दोन. तिसऱ्या पिनवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या, वीजरोधक टेपची) अरुंद पट्टी लावायची. पिनांमधले अंतर १.२७ मिलिमीटरच असल्याने पट्टी नेमकी बसवणे जिकिरीचे आहे, पण पहिल्या तिन्ही पिना झाकल्या तरी साडेतीन इंची डिस्कचे काही अडत नाही. साधी चिकटपट्टी नको. ती उष्णतेने सैल होते आणि कनेक्टर घालताना सरकते. दुसरा उपाय म्हणजे मोलेक्समधून (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरमधून) सॅटाला वीज देणारी जोडकेबल. मोलेक्समध्ये पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि दोन काळ्या तारा असतात, ३.३ त्यात नसतेच. मी जोडकेबल लावली, मात्र तारा एकेक करून दाबून बसवलेल्या प्रकारची. प्लास्टिक ओतून बंद केलेल्या स्वस्त कनेक्टरमध्ये आतल्या तारा एकमेकींना टेकून कनेक्टर वितळल्याची, जळल्याची उदाहरणे आहेत. तसली केबल मी फुकट मिळाली तरी लावत नाही.

डिस्क फिरू लागली, तरी बायोसच्या यादीत नाव नाही. हे लवकर उलगडले. डेटा केबल वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये होती. ते पोर्ट चिपसेटचे (बोर्डवरच्या मुख्य चिपचे) नसून बोर्डवरच्या दुसऱ्या लहान कंट्रोलरचे होते आणि तो बायोसमध्ये बंद केलेला होता. केबल चिपसेटच्या पोर्टवर नेली आणि नाव आले, क्षमता ४००० जीबी. बोर्ड याहून जुना, सॅटाच्या पहिल्या पिढीचा असता तर वेगाचाही प्रश्न आला असता. व्हीटी८२३७आरसारख्या चिपसेटांना नव्या डिस्कबरोबर वेग ठरवता येत नाही आणि डिस्कवर जम्पर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) लावून तिला १.५ गिगाबिटवर बांधावे लागते. आजच्या बऱ्याच डिस्कवर तो जम्परच उरलेला नाही.

विंडोज सुरू केले. डिस्क मॅनेजमेंटने नवी डिस्क इनिशियलाइझ (वापरासाठी तयार) करायची का म्हणून विचारले. तो डबा रद्द करून आधी आकार पाहिला: १६७८ जीबी.

४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३७२६ जीबी दिसायला हवी, कारण विंडोज १०२४ च्या पटीत मोजते. ३७२६ च्या जागी १६७८ कुठून आले? डिस्कवर ५१२ बाइटचे ७,८१,४०,३७,१६८ सेक्टर आहेत. ३२ बिटांत मावणारी मोजणी ४,२९,४९,६७,२९६ वर संपते आणि पुन्हा शून्यापासून सुरू होते, गाडीचा मीटर ९९९९९ नंतर शून्यावर येतो तशी. वजाबाकी करा: उरतात ३,५१,९०,६९,८७२ सेक्टर, म्हणजे बरोबर १६७८ जीबी. बायोस पूर्ण आकार दाखवतो आणि विंडोज वजाबाकी दाखवते, म्हणजे मोजणी कापणारा मधला ड्रायव्हरच, विंडोज ज्याच्यामार्फत डिस्कशी बोलते तो प्रोग्राम. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरचा २००९ सालचा स्टोरेज ड्रायव्हर निघाला.

चुकीचा आकार नुसता दिसला म्हणून मी घाबरत नाही. अशा ड्रायव्हरवर भरलेल्या डेटाची मात्र धास्ती वाटते. मोठा क्रमांक कापून छोटा होत असेल, तर पुढच्या सेक्टरवर जायचे ते डिस्कच्या सुरुवातीला लिहिले जाऊ शकते, तेही कोणतीही चूक न दाखवता. म्हणून आकार बरोबर दिसेपर्यंत एक फाइलही ठेवायची नाही. बायोसमध्ये एएचसीआय (सॅटा डिस्कशी बोलण्याची नवी पद्धत) आधीपासून चालू होते, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमधूनच विंडोजचा स्वतःचा एएचसीआय ड्रायव्हर निवडला आणि संगणक पुन्हा सुरू केला. बायोस जुन्या पद्धतीच्या आयडीई मोडमध्ये असता तर आधी विंडोजमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर चालू करून मग मोड बदलावा लागला असता. उलट क्रमाने केले की निळ्या पडद्यावर ७बी ही चूक येते.

आता आकार आला ३७२६. त्याच वेळी ग्राहकाचा फोन आला आणि मघाचा इनिशियलाइझचा डबा समोर असताना हात घाईने ‘ओके’वर गेला. विंडोज ७ त्या डब्यात एमबीआर (विभागांची नोंद ठेवणारा जुन्या पद्धतीचा तक्ता) आधीच निवडून ठेवते. लगेच पट्टीचे दोन तुकडे झाले: २०४८ जीबी आणि १६७८ जीबी, दुसऱ्यावर विभाग बनवण्याचा पर्याय मेलेला.

पुन्हा १६७८! क्षणभर वाटले, ड्रायव्हर बदललाच गेला नाही. पण हे वेगळेच दुखणे होते. एमबीआरच्या तक्त्यातही सेक्टरचा क्रमांक ३२ बिटांचाच असतो, त्यामुळे तो २०४८ जीबीच्या पलीकडे बोट दाखवू शकत नाही. मर्यादा तीच, म्हणून उरलेला आकडाही तोच. मघाशी १६७८ तेवढे दिसत होते, आता १६७८ तेवढे हाताबाहेर होते. आकडा पाहून जुन्याच दोषामागे लागलो असतो तर चांगला ड्रायव्हर काढून टाकला असता.

डिस्कवर विभाग नव्हते, त्यामुळे डाव्या बाजूच्या ‘डिस्क १’ या चौकोनावर उजवी क्लिक करून जीपीटीत (एमबीआरची ही मर्यादा नसलेल्या नव्या तक्त्यात) रूपांतर केले. तो पर्याय मिळत नसेल तर डिस्कपार्टमध्ये (विंडोजच्या आदेश टाइप करायच्या साधनात) लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क १, क्लीन, कन्व्हर्ट जीपीटी हा क्रम. ‘क्लीन’ खात्री विचारत नाही, म्हणून त्याआधी क्रमांक आकाराशी ताडून पाहायचा. मग ३७२६ जीबीचा एकच एनटीएफएस विभाग झाला. विंडोज जुन्या ५०० जीबीच्या डिस्कवरच राहिले, कारण जीपीटी डिस्कवरून विंडोज सुरू व्हायला यूईएफआय (बायोसची पुढची पिढी) लागते आणि या बोर्डावर ते नाही.

डॉकमध्येच फॉरमॅट का केली नाही, त्याचे उत्तर इथे. काही डॉक मोठी डिस्क संगणकाला ४०९६ बाइटच्या सेक्टरची म्हणून दाखवतात. तिथे लिहिलेला तक्ता थेट सॅटावर, ५१२ च्या हिशेबात वाचला की जागा जुळत नाहीत आणि डेटाने भरलेली डिस्क कोरी दिसते.

परत देण्याआधी २.२ टीबीची (विंडोजच्या मोजणीत २०४८ जीबीची) सीमा ओलांडेपर्यंत फाइली भरल्या आणि सुरुवातीच्या फाइलींचे चेकसम (फाइल बदलली नाही हे पडताळायचे आकडे) पुन्हा काढले. सेकंदाला १०० एमबी धरले तरी नुसते भरायला सहा तास जातात, म्हणून ते रात्रभर चालू ठेवले. सकाळी सगळे चेकसम जुळले. चाचणीच्या फाइली पुसल्या आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिठ्ठी लावली: ‘या डिस्कची मोलेक्स केबल बदलू नये. स्टोरेज ड्रायव्हर जुन्या सीडीवरून पुन्हा टाकू नये.’ बदलून दिलेल्या पहिल्या डिस्कचा मॉडेल क्रमांक ग्राहकाकडून मागवून पाहिला. तोही याच वर्गातला होता.