सातबाऱ्यावर नाव आहे, ताबा नाही

बांद्याच्या नाक्यावर चहा पित होतो तेव्हा चहावाले काका आमच्या बॅनरकडे बघत म्हणाले, "खयची गो दिंडी ही? पंढरपूर त्या वाटेन नाय हां." मावशी लगेच म्हणाली, "आमचो विठोबा जुन्या गोव्यात असा." काका हसले आणि शेवटी चहाचे पैसे घेतले पण बिस्किटांचे घेतले नाहीत. चाळीसेक माणसांची बिस्किटं म्हणजे काही कमी नव्हेत, सकाळची बोहनी व्हायची होती त्यांची.

तर ही आमची वारी. सावंतवाडी ते ओल्ड गोवा, साधारण सत्तर किलोमीटर, 1 डिसेंबर 2022 ला पहाटे चारला निघालो, 2 च्या संध्याकाळपर्यंत पोचायचं आणि 3 ला सायबाचं फेस्त, म्हणजे वार्षिक सण. सायब म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियर, गोंयचो सायब. मागे एक टेम्पो, त्यात सगळ्यांच्या बॅगा, पाण्याचे कॅन, आणि स्पीकर जो बांद्यालाच बंद पडला आणि खरं सांगते बरंच झालं.

मी सावंतवाडीत एका वकिलांकडे काम करते. जमिनीचे कागद बघणं, फेरफार, वारस नोंद, सर्च रिपोर्ट, हेच दिवसभर. मिसला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाते ते नाताळ आणि ईस्टरला, तेही मावशीच्या डोळ्याला डोळा देता येत नाही म्हणून. मी चालायला आले कारण मावशीचे गुडघे धड नाहीत आणि तिच्यासोबत कुणीतरी हवं होतं. माझ्या भक्तीचा त्यात संबंध नव्हता.

मावशीचा नवस होता 2019 चा. झिलाला, म्हणजे मुलाला, बोटीवर नोकरी लागली तर सायबाकडे चालत येईन. लागली पण. क्रूझवर गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, पगार बरा. 2020 मध्ये सगळं जग बंद पडल्यावर तो जो घरी आला त्याला कंपनीने परत बोलावलंच नाही. आता तो मासळीचा टेम्पो चालवतो. आणि मावशी नवस फेडायला निघालेली! माझ्यातली कारकून गप्प बसेना, मी इन्सुलीच्या आसपास विचारलंच की अगो नोकरी गेली ना, मग करारच उरला नाही, ज्याच्या बदल्यात तू चालणार होतीस ती गोष्टच काढून घेतली, आता तू काही देणं लागत नाहीस. मावशी म्हणाली, "गप चल. तेर्स सुरू होता."

तेर्स म्हणजे रोझरी. चालता चालता पन्नास वेळा नमान मोरिये, पुढचे अर्धं म्हणतात, मागचे उरलेलं अर्धं, आणि बाजूने एनएच 66 वरचे ट्रक हॉर्न मारत जातात. पण तेर्सची सुरुवात होते श्रद्धेच्या अंगीकाराने, कोंकणीत त्याला आम्ही 'सत मानतां' म्हणतो. देव बापावर, त्याच्या एकुलत्या पुत्रावर, पवित्र आत्म्यावर, मेलेल्यांच्या उठण्यावर, असं एकामागून एक. लहानपणापासून मला हे खरेदीखताच्या कलमांसारखं वाटत आलंय, खाली 'वरील मजकूर वाचून पाहिला, मान्य आहे' आणि सही. आता माझी गोची अशी की यातली दोनतीन कलमं मला रात्री दोन वाजता मान्य नसतात. मग सही खोटी झाली ना? मी दर रविवारी मिसला जाणं सोडलं त्याचं कारण एवढंच आहे, कुणाशी भांडण वगैरे नाही. खोटी सही करायची नाही हे धंद्यातलं वळण.

पत्रादेवीच्या चढावर हे मी फादरना बोलून दाखवलं. ते आमच्यासोबतच चालत होते, पायात साध्या चपला, आणि माझ्या नवीन बुटांकडे ते सकाळपासून जरा दयेने बघत होते (का ते संध्याकाळी कळलं). ते म्हणाले की लॅटिनमध्ये हा अंगीकार 'क्रेदो' या शब्दाने सुरू होतो आणि क्रेदो आणि आपल्या संस्कृतातला श्रद्धा हे दोन्ही शब्द मुळात एकाच घरातले, दोन्हीत 'ठेवणं' आहे, काळीज कुठेतरी नेऊन ठेवणं. मग म्हणाले, "देव आहे एवढं मानायला काय लागतं? याकोबाच्या पत्रात लिहिलंय ना, देव एकच आहे हे भुतंसुद्धा मानतात आणि थरथर कापतात." दुसरा अध्याय, एकोणिसावी ओवी म्हणणार होते बिचारे, मग वचन म्हणाले. मला हसू आलं. कोकणात भुतांची कमतरता नाही, पण ती क्रिस्तांव असून अंगीकारही म्हणत असतील हे कधी डोक्यात आलं नव्हतं. पण मुद्दा मनात राहिला. भुताला सगळी कलमं मान्य आहेत, सही करायला तयार आहे, आणि तरी त्याच्याकडे श्रद्धा नाही, कारण त्याने काळीज तिथे ठेवलेलं नाही.

आमच्याकडे या एका गोष्टीला तीन शब्द आहेत हेही मजेशीरच. माझ्यासोबत काम करणारी मैत्रीण प्रोटेस्टंट, ती 'विश्वास' म्हणते. आमच्या मराठी मिसच्या पुस्तकात 'श्रद्धा' असते. आणि मावशी या दोन्हींतला एकही शब्द वापरत नाही, ती कोंकणीतला जुना शब्द म्हणते, 'भावार्थ'. भावार्थ आसा, भावार्थ ना. शाळेत मराठीच्या पेपरात 'खालील ओळींचा भावार्थ लिहा' असा प्रश्न यायचा तेव्हा मला वाटायचं की मावशीला चालेल असा प्रश्न आहे हा. ज्ञानेश्वरीला भावार्थदीपिका म्हणतात हे नंतर कळलं, आणि मग तो शब्द मावशीच्या तोंडी जरा वेगळाच ऐकू यायला लागला.

पत्रादेवीनंतर गोवा. ऊन चढलं, हायवेच्या कामाची धूळ, मोपाचं विमानतळ तेव्हा सुरू व्हायच्या बेतात होतं त्याचे बोर्ड जागोजागी. धारगळच्या अलीकडे एका घरातून पेज आणि लोणचं आलं, अंगणात तुळशीवृंदावन, घरातली बाई म्हणाली सासूच्या वेळेपासून आम्ही ह्या लोकांना पेज देतो, का ते तिलाही सांगता आलं नाही. याकोब ज्यासाठी भांडतो ते हेच असावं, कृतीवाचून श्रद्धा मेलेली आहे म्हणतो तो. इथे तर श्रद्धा कुणाची आणि कृती कुणाची असा घोळ होता, पण पेज गरम होती.

रात्री मुक्कामाला बूट काढले तर दोन्ही टाचांची सालं निघालेली. मावशीने खोबरेल लावलं आणि एक शब्द बोलली नाही, तिचं न बोलणं फार लागतं. रात्रीच्या प्रार्थनेला फादरनी मार्कच्या नवव्या अध्यायातली गोष्ट वाचली. एका माणसाच्या मुलाला झटके येतात, कधी आगीत पडतो कधी पाण्यात, शिष्यांना काही जमलेलं नाही. बाप येशूला म्हणतो, तुम्हाला काही करता येत असेल तर करा. येशू म्हणतो, 'येत असेल तर' म्हणजे काय? विश्वास ठेवणाऱ्याला सगळं शक्य आहे. आणि तो बाप ओरडतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा.

ही गोष्ट मी आधी दहा वेळा तरी ऐकली असेल. त्या रात्री टाचा ठणकत होत्या म्हणून असेल किंवा झोप येत नव्हती म्हणून, पण मी त्या वाक्याकडे माझ्या धंद्याच्या नजरेने बघितलं. एकाच ओळीत आहे आणि नाही. असं प्रतिज्ञापत्र मी टाईप करून दिलं तर साहेब माझ्या तोंडावर फेकतील, परस्परविरोधी विधान, बाद. आणि इथे ते बाद झालं नाही! येशूने त्या बापाला आधी घरी जाऊन शंका मिटवून ये असं सांगितलं नाही, पोरगं बरं करून टाकलं. म्हणजे रात्री दोनला मान्य नसलेल्या कलमांसकट सही चालते की काय? मी फादरना उठवून विचारणार होते पण ते घोरत होते.

दुसऱ्या दिवशी मी बूट टेम्पोत टाकले आणि मावशीच्या जास्तीच्या स्लिपर घालून निघाले. कोलवाळच्या पुलावर थांबलो, खाली शापोरा नदी, धुकं अजून पाण्यावर. तिथे फादरना गाठलं आणि विचारलं की मग श्रद्धेची व्याख्या तरी काय, कुठे लिहिलेली आहे का. ते म्हणाले, आहे की, इब्री लोकांस पत्र, अकरावा अध्याय, पहिलंच वचन, श्रद्धा म्हणजे ज्याची आशा धरली त्याचा भरवसा आणि जे दिसत नाही त्याची खात्री. 'भरवसा' जिथे आहे तिथे ग्रीकमध्ये 'हुपोस्टासिस' असा शब्द आहे, शब्दशः खाली उभं असलेलं, पाया म्हणा. "आणि तुला आवडेल असं सांगतो," म्हणाले, "इजिप्तमध्ये सापडलेल्या जुन्या कागदांत हाच शब्द मालमत्तेच्या कागदपत्रांसाठी आलाय, म्हणून काही अभ्यासक या वचनाचा अर्थ तसा लावतात, आशा धरलेल्या गोष्टीचा मालकीचा कागद."

म्हणजे सातबारा!

मी त्या पुलावर एकटीच हसले असेन. कारण कोकणातला माणूस हे जितकं समजेल तितकं कुणी समजणार नाही. आमच्या आजोबांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सत्तावीस नावं आहेत, त्यातली निम्मी माणसं मुंबईत, काही वर गेलेली, माझ्या आईचं नाव तिसऱ्या पानावर. नाव आहे, ताबा नाही. त्या जमिनीतला एक आंबा आम्ही कधी खाल्ला नाही. तरी आई दर पावसाळ्यानंतर जाऊन गडगा बघून यायची, ढासळला असेल तर दगड लावून यायची. कशाला जातेस म्हटलं की म्हणायची, आपली असा ना. मी हे कायम कोकणी वेडेपणात जमा केलं होतं. आता वाटलं, ताबा नसलेल्या जमिनीचा गडगा लावत बसणं, याला दुसरं काय नाव देणार.

म्हापसा, पर्वरी, मग मांडवीचा पूल, हे सगळं मी पायाकडे बघत चालले, त्यामुळे सांगण्यासारखं काही नाही. पर्वरीला मैत्रिणीचा फोन आला, ती चिडवायला लागली की तुम्ही लोक चालून चालून स्वर्ग कमावता, आमच्याकडे कृपा फुकट असते. तिचं घराणं ल्यूथरचं, ज्याने प्रोटेस्टंट चळवळ सुरू केली त्याचं. 1517 पासूनचं भांडण आहे हे, माणूस तरतो तो फक्त श्रद्धेने की कृत्यांनीही. पण 31 ऑक्टोबर 1999 ला जर्मनीत आउग्सबुर्गला कॅथलिकांनी आणि ल्यूथरनांनी एका जाहीरनाम्यावर सह्या केल्यात, की देव आपल्याला स्वीकारतो तो कृपेने, ख्रिस्तावरच्या श्रद्धेत, आपल्या लायकीमुळे नव्हे. मला हे रात्रीच कळलं होतं, लगेच वापरलं. ती म्हणाली मग चालतेयस कशाला? मी फोन मावशीकडे दिला.

मावशीने तिला काय सांगितलं ते ट्रकच्या आवाजात ऐकू आलं नाही. पण रायबंदरच्या पाजेवर, म्हणजे पणजीहून रायबंदरला जाणारा तो जुना लांबलचक पोर्तुगीज बांध, दोन्हीकडे पाणी आणि खाजण, तिथे आली तेव्हा मावशी स्वतःहून बोलायला लागली, कालच्या माझ्या प्रश्नाचं उत्तर आज. म्हणाली, "नोकरी दिल्यान म्हणून मी चलतंय असा तुका कोणी सांगल्यान? तुझ्या आवशीन काय काय दिल्यान तेचो हिशोब करून तू तिका आवस म्हणतंस काय गो?" मी म्हटलं, पण नवस तर तसाच बोललीस ना तू. "बोललंय," म्हणाली, "तेव्हा तसा वाटला म्हणून बोललंय. आता येगळा वाटता." आणि पुढे चालायला लागली. गुडघ्यांमुळे ती जरा झुकून चालते, मागून बघताना वाटतं आता पडेल.

ओल्ड गोव्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बॉं जेझू चर्चची ती विनागिलाव्याची लाल चिऱ्याची भिंत, आणि समोर माणसंच माणसं. सायबाबद्दल मला दोन गोष्टी सांगायच्यात आणि दोन्ही एकमेकींच्या शेजारीच ठेवते. एक म्हणजे 1546 मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मचौकशीचं न्यायालय, मागितलं होतं. ते आलं 1560 मध्ये, तो गेल्यावर, पण मागितलं होतं त्याने. श्रद्धा धाकाने होत नाही, ती मुळातच मोकळेपणाने द्यायची गोष्ट आहे, हे व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने 1965 मध्ये स्वच्छ लिहिलं, तोवर किती पिढ्या गेल्या. त्या रांगेत उभं राहून हे आठवणं मला गैर वाटत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे तो मेला कसा. त्याला चीनला जायचं होतं. शांगच्वान नावाच्या बेटापर्यंत पोचला, समोर चीनचा किनारा, न्यायला येणार असलेली होडी आलीच नाही, आणि 3 डिसेंबर 1552 ला तिथेच तापाने गेला, वय सेहेचाळीस. सकाळी पुलावर ऐकलेल्या त्या अकराव्या अध्यायातच पुढे तेरावं वचन आहे, हे सगळे श्रद्धेत मेले, वचन दिलेलं हातात आलं नाही, पण त्यांनी ते दुरून पाहिलं आणि हात केला. फेस्त आपण त्याच दिवसाचं करतो, जेव्हा त्याला ताबा मिळाला नाही.

पहाटेचा मिस झाला. अंगीकार आला तेव्हा मीही म्हटला, सगळी कलमं, त्या दोनतीन कलमांना आवाज जरा खाली गेला असेल. मावशीने मेणबत्त्या लावल्या, फेस्ताच्या बाजारात झिलासाठी खाजें घेतलं, आणि परतीला आम्ही सरळ बस पकडली. माझे पाय चपलेत मावत नव्हते. तिला खिडकी मिळाली, मी शेजारी. म्हापसा गेल्यावर तिने माझ्या टाचांकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या वर्षाक बुटां एक नंबर मोठी घे."

मी येते असं काही म्हटलं नव्हतं. पण तोवर तिने डोकं खिडकीला टेकलं होतं, ती बांदा येईपर्यंत उठली नाही.