कठड्याशी उभे राहण्याची जागा

जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या सुमारे अडीच लाख ग्रॉस टनांच्या (हे जहाजाच्या आतल्या जागेचे माप), वीस मजली जहाजावर सात जलतरण तलाव आहेत, आणि मुलाबाळांसह जाणारी कुटुंबे त्यावर खूश होतात, हे मला पटते. माझे मन मात्र तिथे रमत नाही, कारण त्यातील काही खोल्यांच्या खिडक्या समुद्राऐवजी जहाजातल्याच बागेकडे उघडतात. मुंबई-गोवा सफरीत १९९० साली बांधलेल्या ‘एम्प्रेस’ या जहाजाच्या कठड्याला टेकून पहाटे उभी होते, तेव्हा खाऱ्या वाऱ्याने दमट झालेला कठडा तळहाताला चिकटत होता आणि खाली पाणी कापल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. नव्या जहाजांच्या आराखड्यांत एवढी शांत जागा तरी राखावी, अशी माझी कळकळीची मागणी आहे.